महजर : हजर असणाऱ्यांची गोष्ट

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा कार्यवाहांचा फोन आला तेव्हा मी मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेहून नुकताच घरी आलो होतो. सभेला दरवर्षीप्रमाणे मोजकीच डोकी. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब केली, चहा घेतला आणि त्याच जागी तीच माणसे पुन्हा बसली. जमाखर्च मंजूर झाला, नवीन कार्यकारिणी निवडली गेली. नियमाप्रमाणे सगळे बरोबर होते. तरी घरी परतताना मनाला काहीतरी टोचत होते. म्हणून कार्यवाहांना म्हटले, "यंदा प्रवासवर्णन नको. एका शब्दाची गोष्ट लिहितो." ते म्हणाले, "लिहा, पण गणपतीच्या अगोदर द्या."

तो शब्द आहे 'महजर'. बंगळुरात राहणाऱ्या आपल्यापैकी कुणाचा कधी पोलिसांशी संबंध आला असेल, तर त्याने हा शब्द ऐकला असणार. मी तो पहिल्यांदा २००३ साली ऐकला, आणि त्या वेळी मी जे केले ते सांगायला आजही लाज वाटते.

तेव्हा आम्ही कंपनीचे क्वार्टर सोडून लेआउटमध्ये राहायला आलो होतो. शेजारी एक कन्नड आजी एकट्या राहत. एके सकाळी त्यांच्या घरी चोरी झाल्याचे कळले. सात वाजता पोलीस आले. मी डबा हातात घेऊन कंपनीच्या बससाठी निघालो होतो. हवालदाराने मला थांबवले आणि 'स्थळ महजर' करायचा आहे, दोन पंच हवेत, सही कराल का, असे विचारले. मला शब्द कळला नाही, पण सहीचे कळले. सही म्हणजे पुढे कोर्टाच्या खेपा, साक्षी, रजा. शिवाय आपण बाहेरगावचे, कशाला यात पडायचे? "बस चुकेल" म्हणालो आणि चालू लागलो. संध्याकाळी बायकोने सांगितले की कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आणि रात्रपाळीचा वॉचमन पंच म्हणून उभे राहिले. इस्त्रीवाल्याला लिहिता येत नव्हते, त्याने अंगठा दिला. आजी पुढेही माझ्याशी नेहमीसारख्याच बोलत राहिल्या, कधी विषय काढला नाही. त्यामुळे तर जास्तच वाईट वाटले.

शब्दाचे कुळ

'महजर' हा मूळचा अरबी शब्द. त्याचा धातू ह-ज-र असा आपण म्हणू या. मधले अक्षर अरबीत वेगळे आहे, फारसीने त्याचा 'झ' केला आणि मराठीने 'ज'. अर्थ, उपस्थित असणे. याच घरातले 'हजर', 'हजेरी', 'हुजूर' आणि 'हजरत' हे शब्द आपण रोज वापरतो. 'हुजूर' म्हणजे ज्याच्या समक्ष उभे राहायचे तो, पुढे त्याचा अर्थ सरकार झाला. इथल्या शाळेतही मास्तर 'हाजरी' घेतात, त्याचे मूळ तेच. 'महजर' म्हणजे उपस्थितीची जागा, आणि मग त्या उपस्थितांसमोर लिहिलेला कागद. काजीच्या न्यायालयात कोण आले, कोण काय बोलले याची जी नोंद ठेवत तिला महजर म्हणत. आजही अरबी भाषेत सभेच्या इतिवृत्ताला हाच शब्द आहे. आपल्यापैकी जे आखाती देशांत नोकरी करून आले आहेत त्यांना हे ठाऊक असेल.

दुसरा शब्द 'मजलिस', मराठीत 'मजलस'. त्याचा धातू ज-ल-स, म्हणजे बसणे. बसलेल्या माणसांची ती मजलस. 'जलसा' हा शब्द याचाच सख्खा भाऊ. जलसा म्हणजे मुळात नुसती बैठक, गाणे-बजावणे मागाहून आले.

तिसरा शब्द आपला देशी, 'गोत'. संस्कृत 'गोत्र'चे हे मराठी रूप. ऋग्वेदात गोत्र म्हणजे गायींचा गोठा. एका गोठ्यात ज्यांच्या गायी ते एका कुळाचे, असे करत त्याला कुळाचा अर्थ आला. मराठीत नातेगोते, गोतावळा, गणगोत हे शब्द अजून जिवंत आहेत. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण तर सर्वांनाच ठाऊक आहे. पण जुन्या मराठी कागदांत 'गोत' म्हणजे केवळ नातेवाईक नव्हेत. गावच्या आणि परगण्याच्या कामासाठी बोलावून एकत्र बसवलेली वतनदार मंडळी म्हणजे गोत, आणि त्यांची सभा ती 'गोतसभा'. एका जातीचे नव्हे, अनेक जातींचे मिळून गोत होई.

गोत बसे तेव्हा

सतराव्या-अठराव्या शतकातल्या महाराष्ट्रात पाटीलकीचा, कुलकर्णाचा, शिवेचा किंवा वाटणीचा तंटा निघाला की तो सोडवायची नेहमीची वाट गोतातून जात असे. फिर्याद बादशहाकडे गेली, छत्रपतींकडे गेली किंवा पेशव्यांकडे गेली, तरी बहुधा हुकूम यायचा तो गोत बसवून निवाडा करण्याचा. कारण साधे होते. कोणाचा आजा कोणत्या शेतात नांगर धरत होता हे राजधानीतल्या अधिकाऱ्याला काय ठाऊक? ते गावालाच माहीत.

मग गोताला बोलावणी जात. देशमुख, देशपांडे, आजूबाजूच्या गावांचे पाटील (कागदात त्यांना 'मोकदम' म्हणत), कुलकर्णी, पेठेचे शेटे-महाजन आणि गावचे बलुतेदार. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, महार, सगळे. शिवेच्या तंट्यात तर महाराचा शब्द मोठा मानत, कारण गावची शीव त्याच्या पायाखालची. सरकारचा अधिकारीही हजर असे. बैठक चावडीवर, पाराखाली, देवळात किंवा नदीकाठी बसे.

कामाची रीत ठरलेली होती. पहिल्याने दोन्ही पक्षांकडून 'राजीनामा' लिहून घेत. आज आपण राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचे पत्र समजतो. तेव्हा त्याचा अर्थ शब्दशः होता: 'मी राजी आहे' असा लेख. या गोताने जो निवाडा करावा तो मला मान्य, हे आधी लिहून द्यायचे. त्यासाठी जामीन द्यायचा. मग प्रत्येकाने आपली 'तकरीर' म्हणजे कैफियत मांडायची. जुने कागद पाहायचे. साक्षीदारांना देवापुढे नेऊन, बेलभंडार हाती देऊन, पूर्वजांची आण घालून विचारायचे. इथला निवाडा पक्षपाती होईल असे एखाद्याला वाटले, तर तो 'परथळ' मागू शके, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या गोतापुढे प्रकरण नेण्याची मुभा. शेवटी निवाडा होई. हरणाऱ्याने 'यजितखत' म्हणजे हार कबूल केल्याचा कागद लिहून द्यायचा आणि जिंकणाऱ्याच्या हाती महजर पडायचा.

हे महजर आज वाचायला मिळतात याचे मोठे श्रेय इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या त्यांच्या खंडांत आणि पुढे भारत इतिहास संशोधक मंडळाने (स्थापना १९१०, पुणे) छापलेल्या 'शिवचरित्र साहित्य' या मालेत असे कितीतरी महजर आहेत.

यादी आधी, मजकूर मागून

निवृत्तीनंतर मी मोडी लिपी शिकलो. पुतण्याने कऱ्हाडकडच्या आमच्या गावच्या एका जुन्या महजराची झेरॉक्स पाठवली होती. ती लावायला मला तीन महिने लागले. पहिल्या ओळीतला 'महजर' हा शब्द लागला आणि हातातले भिंगच खाली ठेवले. म्हटले, हा तर त्या हवालदाराचा शब्द!

अशा कागदाची ठेवण पाहण्यासारखी असते. सुरुवातीला तारीख. सन अरबी, आणि आकड्यांऐवजी शब्दांत: इसन्ने म्हणजे दोन, सलास म्हणजे तीन, अलफ म्हणजे हजार. त्यानंतर तंट्याचा मजकूर येईल असे वाटते. पण नाही. आधी येते 'हाजिर मजालसी', म्हणजे बैठकीला कोण कोण हजर होते त्यांची यादी. देशमुखापासून बलुतेदारांपर्यंत, नावागावासह. कित्येक कागदांत ही यादीच मोठी, निवाड्याचा भाग त्या मानाने थोडका.

पहिल्यांदा वाचताना मी कंटाळून यादी ओलांडून पुढे गेलो. मागाहून लक्षात आले की खरा ऐवज यादीतच आहे. त्या काळी कागद जळत, वाळवी खाई, लुटालुटीत नाहीसे होत, खोटेही बनत. कागद खरा की खोटा हे ठरवायचे ते त्यावर ज्यांची नावे आहेत त्यांना विचारून. ते नसले तर त्यांच्या मुलांना विचारून. हजर माणसे म्हणजे चालता-बोलता दस्तऐवज. कागद हा त्यांच्या आठवणीचा केवळ धागा.

सह्यांची तऱ्हाही वेगळी. लिहिता येणारे थोडे. बाकीचे आपापल्या धंद्याची निशाणी करत. शेती करणारा पाटील नांगर काढी, व्यापारी तागडी, न्हावी आरसा. त्या छोट्या छोट्या चित्रांकडे पाहताना मला आमच्या इस्त्रीवाल्याचा अंगठा आठवला. तीनशे वर्षांपूर्वी गावचा परीट जिथे उभा राहिला असता, तिथेच तो उभा राहिला होता. आणि पाटलाच्या गावातून आलेला मी बसमध्ये जाऊन बसलो होतो.

हजर असणे आणि हजर करणे

या पद्धतीचा गौरव करताना तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे.

महजर म्हटले की शाळेतल्या इतिहासातला अकबर आठवावा. १५७९ साली अकबराने उलेमांच्या सह्यांचा एक महजर करवला. मसुदा शेख मुबारकचा. धर्मपंडितांमध्ये मतभेद झाले तर बादशहा जे मत निवडील ते बंधनकारक, असा त्याचा आशय. इतिहासकार बदायुनी म्हणतो की काहींनी खुशीने सही केली नाही. म्हणजे कागदावर सगळे हजर, मनाने सगळे नव्हेत. बोलावून आणलेली माणसे आणि आपण होऊन आलेली माणसे यांत फरक आहे, तो कागदावर दिसत नाही.

गोतसभाही काही सर्वांची नव्हती. तिथे मान वतनदाराचा. गावात जमीन कसणारा पण बाहेरून आलेला तो 'उपरी', त्याला या बैठकीत वतनदारासारखी जागा नसे. यादीत बायकांची नावे शोधावी लागतात. पुराव्याने प्रश्न सुटला नाही तर कधी 'दिव्य' करवत, उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायला लावत. हात भाजला तर खोटा! आणि ज्या गोताला माणूस सामावून घेता येई, त्यालाच एखाद्याला गोताबाहेर टाकताही येई. वाळीत टाकण्याची ही रीत इतकी चिवट निघाली की महाराष्ट्राला तिच्याविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला.

१८१८ साली पेशवाई गेली. पुढच्याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात पंचायतीचे गुणदोष सविस्तर सांगितले आहेत. दिरंगाई फार होते हे त्याला दिसत होते, तरी लोकांच्या विश्वासातली ही पद्धत टिकावी असे त्याला वाटे. ती टिकली नाही. इंग्रजी न्यायालये आली, वकील आले, स्टँपपेपर आला. साक्षीदाराची जागा गोतातून निघून पिंजऱ्यात गेली. निवाडा करणारे गोत संपले, आणि समक्ष पाहणारे दोन पंच तेवढे उरले.

त्या पंचांच्या कागदाला महाराष्ट्रात 'पंचनामा' म्हणतात. संस्कृत 'पंच' आणि फारसी 'नामा' यांचे हे लग्न. महाराष्ट्रात 'महजर' इतिहासाच्या पुस्तकांत जाऊन बसला. पण कर्नाटकात, केरळात, तमिळनाडूत पोलीस आणि महसूल खात्याच्या रोजच्या कामात तो अजून चालतो. बंगळूर १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत होते, आणि विजापूरच्या आदिलशाहीचा दफ्तरी शब्दसंग्रह सातारा-कऱ्हाडकडे आणि इकडे सारखाच चाले. तेव्हा हा शब्द आपल्याला इथे परका नाही. आपल्याच माजघरातली जुनी परात शेजाऱ्यांकडे अजून रोज वापरात असावी, तसे झाले आहे.

शिवाजी महाराजांनी रघुनाथपंडितांकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले हे आपण अभिमानाने सांगतो, ते योग्यच. तरीही वतनाच्या कागदांवरचा 'महजर' आणि 'हाजिर मजालसी' पुढेही लोकांच्या हाताबाहेर गेले नाहीत. गावाला सवयीचा झालेला शब्द सहजासहजी जात नाही.

आपण उपरी

झडतीच्या वेळी त्या वस्तीतले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी बोलवावेत, असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम १०३ मध्येही ही तरतूद आहे. आता झडतीचे आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रणही करावे लागते. म्हणजे मोबाईलचा कॅमेरा आला, तरी कायद्याने माणूस काढून टाकलेला नाही. कॅमेरा काय झाले ते दाखवील, पण शेजारच्या म्हातारीच्या बाजूला उभा राहणार नाही. तिला धीर कोण देणार? लेखी आदेश मिळूनही सबळ कारणाशिवाय नकार दिला तर तो गुन्हा होतो. मला हवालदाराने तोंडीच विचारले होते. त्यामुळे मी कायद्यातून सुटलो. गोतातून मात्र नाही.

'आपण बाहेरगावचे' हे माझे त्या दिवशीचे कारण मी नंतर पुष्कळदा तपासून पाहिले. इस्त्रीवाला आंध्रातला होता, वॉचमन नेपाळचा. दोघेही माझ्यापेक्षा जास्त उपरी! जुन्या गावात उपऱ्याला गोतात जागा नव्हती, कारण गोत वतनावर ठरे. आज तसे नाही. ज्या गल्लीत आपण राहतो तिथे कुणी बोलावले आणि आपण गेलो, की आपण गोतातले. गेलो नाही तर चाळीस वर्षे राहूनही उपरेच.

आजी २०११ साली वारल्या. त्यांचा मुलगा परदेशातून यायला दोन दिवस लागणार होते. त्या दोन दिवसांत पोलिसांचा, महापालिकेचा, जो जो कागद समोर आला त्यावर साक्षीदार म्हणून मी सही केली. जुनी चूक त्याने पुसली जात नाही, हे मला माहीत आहे. पण त्या वेळी बस चुकली तरी चालेल असे वाटले, एवढे खरे.

आता मंडळाच्या सभेकडे वळतो. आपल्या इतिवृत्ताच्या वहीत पहिल्या पानावर काय असते ते आठवा. तारीख, स्थळ आणि 'उपस्थित सभासद'. त्याखाली नावे, मग ठराव. ही तर थेट महजराचीच ठेवण! 'हाजिर मजालसी' आधी, मजकूर मागून. तीनशे वर्षांत शाई बदलली, लिपी बदलली, क्रम तोच राहिला. तहकूब सभेत मंजूर झालेला जमाखर्च कायद्याने पक्का असतो. पण उद्या कुणी विचारले की हे ठरले तेव्हा समोर कोण होते, तर पाच-सात नावांवर आपले गोत उभे राहणार का?

मराठीत कोरमला 'गणपूर्ती' हा फार चांगला शब्द आहे. गण पुरा होणे. आणि ज्याच्यासाठी आपण ही सगळी धडपड करतो, तो गणांचा पती. त्याला मोदक आवडतात हे आपण लक्षात ठेवतो. त्याला गण पुरा झालेलाही आवडत असेल.

पुढच्या वर्षीच्या सभेची सूचना येईल तेव्हा एवढे आठवा, मंडळी. मी पहिल्या रांगेत हजर असेन.

गणपती बाप्पा मोरया!